माळ्याचा आवाज

६ जानेवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद. बाईंना नमस्कार. शाळेतून निवृत्त झाल्या तरी तुझी बायको आमच्या घरात बाईच राहणार, हे त्यांना सांग.

पत्र लिहिण्यास कारण की, आता मला दुसरं काही करताच येत नाही. चौदा नोव्हेंबरला माझं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र पूर्ण काढलं. गळ्याखाली, शर्टाचं वरून दुसरं बटण येतं त्याच्या जरा वर, एक भोक आहे. त्यातून श्वास घेतो. डॉक्टर म्हणाले, गाठ सगळी गेली. मी पाटीवर लिहिलं, 'आणि आवाज?' ते म्हणाले, 'तो गाठीबरोबरच गेला.' माणूस चांगला आहे, पण आडपडदा नाही.

तुला आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू दुकानाला कुलूप लावून आला असतास. घरात फारसा फरक पडलेला नाही. एक छोटी पांढरी पाटी आणि पेन घेऊन फिरतो. तुझी वहिनी म्हणते, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आत्ता कुठे तिला तिचं वाक्य पूर्ण करता येतंय.

आता कामाचं. तो बागेचा कार्टून सिनेमा तू पाहिला आहेस. अकरा वर्षं झाली त्याला. उंच भिंतीआडची बाग, तिथली झाडं बोलतात, एका वेलीला भिंतीपलीकडे जायचं असतं, आणि बागेचा माळी तिला दर वेळी छाटतो. तीस वर्षांत मी साबणाच्या जाहिरातींपासून परक्या भाषेतल्या सिनेमांपर्यंत सगळ्याला आवाज दिला, पण लोक ओळखतात ते त्या माळ्यामुळे. भाजी घेताना तोंड उघडलं की दोन पोरं आईच्या मागे लपायची.

त्याचा दुसरा भाग येतोय. बागेत आता त्या वेलीची मुलगी आहे आणि माळी म्हातारा झालाय. चौदा जणांचे आवाज ऐकून झाले. एकाने माझी हुबेहूब नक्कल केली, पण ती नक्कल आहे हे ऐकू येत होतं. आमची दिग्दर्शिका पस्तिशीची आहे, मला काका म्हणते. तिने विचारलं, 'काका, तुमच्या घरात तुमच्यासारखा आवाज आहे का कुणाचा?' मी बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसलो. मग लिहिलं, 'धाकटा भाऊ.'

आपला आवाज एक आहे हे तुला सांगायला नको. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, 'कोण बोललं ते, थोरला की धाकटा?' अण्णा तर विचारायचेही नाहीत, दोघांनाही एकच शिवी द्यायचे.

तू म्हणशील, मी चष्मे विकतो, मला नाटकं येत नाहीत. तीस वर्षं लोकांना 'आता खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या माणसाला धीर असतो, आवाजावर ताबा असतो. आमच्या धंद्यात तेवढं पुष्कळ आहे. फेब्रुवारीच्या मध्यात दोन दिवस ये. जमलं तर पुढे आणखी चार. नाही जमलं तर भावाला बघून गेलास असं समज.

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचल्याचं बाईंनी वहिनीला कळवलं. तू स्वतः कळवलं नाहीस, म्हणजे रागावला आहेस किंवा शरमला आहेस. दोन्हीची गरज नाही. पहिले दोन दिवस सगळ्यांचेच वाया जातात.

पण तुला खरं सांगायला हवं. तू माइकसमोर गेलास आणि गुरगुरायला लागलास. साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले, ते तू पाहिलंस. दिग्दर्शिका काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, 'काका, आवाज तोच आहे, पण माणूस भलताच आलाय.' तुला लगेच 'वा, छान' म्हणून तिने घरी पाठवलं, कारण ती भली आहे. नंतर मला म्हणाली, 'तुम्ही त्यांना समजावा. माळी कसा आहे ते तुम्हालाच माहीत.' म्हणून हे पत्र.

आधी एक ऐक. पहिल्या सिनेमाच्या वेळी आमच्या चित्रकाराने माळी काढला होता तो पोपटासारख्या नाकाचा, काळ्या डगल्यातला, हातात माणसाएवढी कात्री. चित्रकार म्हातारा होता, बोटांना कायम पेन्सिलीचं शिसं. कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर असतं. तो माझं रेकॉर्डिंग ऐकायला आला, डोळे मिटून दोन तास बसला, आणि त्याच दुपारी त्याने ते नाक खोडलं. म्हणाला, 'ह्याला एवढं नाक कशाला? ह्याला बघून कुणी पळायलाच नको.' डगला गेला, कोपरावर रफू केलेला स्वेटर आला. कात्री लहान होत होत खिशात मावेल एवढी झाली. पोरं रडली ती त्या छोट्या कात्रीला. मोठी कात्री काढली असती तर हसली असती.

तू त्याला दुष्ट समजून बोलतोस. तो दुष्ट आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं, वेलीला माहीत असतं, फक्त त्याला माहीत नसतं. तो कामात आहे. सकाळी त्याला चाळीस झाडांना पाणी घालायचंय. घरात काही बदलू नये असं वाटणारा माणूस आहे तो, आणि तशी माणसं आपण रोज बघतो. त्यांना शिंगं नसतात.

आणि त्याला ती वेल आवडते, हे विसरू नकोस. सिनेमात चिमणी तिची मैत्रीण आहे, पण चिमणीला गाणी म्हणायची असतात. वेलीकडे रोज नीट बघणारा माळी एकटाच. कालपेक्षा किती बोटं वाढली हे तिच्या आधी त्याला कळतं. छाटण्याआधी तो तिला मऊ सुतळीने बांधतो, तिला कात्रीचा धक्का बसू नये म्हणून. हसणारा, ओरडणारा खलनायक पोरं दुसऱ्या दिवशी विसरतात. जो आपलं नीट ऐकून घेतो आणि मग ठरवून टाकतो, तो त्यांच्याबरोबर घरी जातो. कारण तसा एखादा बहुतेक घरात आधीच असतो.

माणसाच्या सिनेमात नट नुसता उभा राहिला तरी त्याचं वजन जाणवतं. चितारलेल्या माणसाला वजन नसतं. त्याच्यात जीव म्हणून जो काही येतो तो तुझ्या श्वासातून. म्हणून घाई करू नकोस. शब्दाच्या आधी श्वास घे, तो माइकला ऐकू जाऊ दे.

राहिलं ते एक वाक्य. पहिल्या सिनेमात वेलीला छाटल्यावर माळी वाकून विचारतो, 'लागलं का गं?' ते लिहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून गेलं. लेखक काचेमागे उभाच राहिला. पुढे पोरं खेळताना एकमेकांना ढकलून तेच विचारायला लागली. दुसऱ्या भागात ते पुन्हा आहे आणि सगळा सिनेमा त्याच्यावर टेकलाय. तू ते दात-ओठ खाऊन म्हटलंस. ते तसं नाही. तो खरंच विचारतो.

मुलाखतींमध्ये मला दर वेळी विचारायचे, ते वाक्य कुठून आलं? मी सांगायचो, लहानपणी एक न्हावी होता, कान कापला गेला की असंच विचारायचा. लोकांना ते आवडायचं. असा न्हावी नव्हता, तुला माहीतच आहे. आपले केस अण्णाच कापायचे.

आणखी एक. टायपिंगच्या क्लासातली ती तुला अजून आठवते का? सहज विचारतोय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

पाच मार्चला दोन दिवस ये. खोकल्याचं औषध घेऊन ये, स्टुडिओत गारठा असतो.

तुझा,
दादा


९ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद.

तू गेल्यापासून हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतोय. आधी पाच तारखेबद्दल लिहितो, कारण ते सोपं आहे.

तू माझं पत्र पाठ करून आला असशील असं मला वाटलं होतं. तू तर कागदसुद्धा हातात घेतला नाहीस. दिग्दर्शिकेने प्रसंग समजावून सांगितला, की वेलीची मुलगी खांबाला बांधलेली आहे, माळी दोरी सोडून दुसऱ्या बाजूने बांधतो. तू विचारलंस, 'किती दिवस झाले हिला एका कुशीवर?' ती गोंधळली. 'म्हणजे?' तू म्हणालास, 'नाही, कुशीला जखमा झाल्या असतील ना.' मग तू माइककडे वाकलास, उजवा हात कशाच्या तरी खाली सरकवल्यासारखा पुढे केलास, आणि म्हणालास, 'लागलं का गं?'

साउंडवाल्याने तोंडावर हात ठेवला. दिग्दर्शिकेने दुसऱ्यांदा घ्यायला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर तू मला विचारलंस, 'बरं झालं का?' मी पाटीवर लिहिलं, 'हो.' तू म्हणालास, 'अण्णांना कूस बदलताना विचारायचो तसं विचारलं. दुसरं काही सुचेना.'

नऊ वर्षं तू अण्णांची कूस बदललीस. दिवसातून किती वेळा, ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो.

आता जे सांगायचं ते. मला वाटायचं की ते वाक्य तसं म्हणायला माणसाने काहीतरी वाईट केलेलं असावं लागतं. मी केलं होतं, म्हणून मला जमलं, अशी माझी समजूत होती. चुकीची होती. तू नुसती सेवा केलीस आणि तुला ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं. तुझा माळी माझ्या माळ्यापेक्षा जास्त भीती घालतो, कारण तो खरोखरच काळजी घेणारा आहे. त्यामुळे आता मी जे लिहितोय त्याचा सिनेमाला काहीही उपयोग नाही. चोवीस फेब्रुवारीलाही मी हे लिहिलं होतं. ते पत्र माझ्या खणात आहे. तेव्हा पाठवलं असतं तर तुझा आवाज फिरला असता आणि काम झालं असतं, हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच लिहिलं होतं. पाकिटावर पत्ता घातल्यावर ते लक्षात आलं. पाठवलं नाही.

एकतीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट आठव. मे महिन्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता. आई त्याआधीच गेलेली. टायपिंगच्या क्लासातल्या तिच्याशी तुझं ठरलं होतं. तिच्या वडिलांचा छापखाना होता दुसऱ्या गावात, आणि जावयाने तिकडे येऊन तो बघावा अशी त्यांची अट होती. तू हो म्हणाला होतास. मला स्टुडिओचं पत्र आलं होतं, एक सप्टेंबरला हजर व्हा. म्हणजे दोघांपैकी एकाला अण्णांपाशी राहायला हवं होतं. आपण त्याबद्दल एकदाही बोललो नाही. रोज समोरासमोर जेवायचो आणि त्या विषयाला वळसा घालून पाणी वाढायचो.

एका रविवारी दुपारी तू अण्णांना व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला होतास. घरात मी एकटा. फोन वाजला. ती होती. माझं 'हॅलो' ऐकून तिला वाटलं तूच आहेस. मी 'तो घरात नाही' असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसं म्हटलं नाही. तू होऊन बोललो. मी तिकडे येणार नाही, तू वाट बघू नकोस, असं तिला सांगितलं.

मग तिच्या बाजूला काहीतरी पडल्याचा आवाज आला, खुर्ची असावी. मी विचारलं, 'लागलं का गं?'

मला त्या क्षणी खरंच काळजी वाटली होती. हे मी सुटका म्हणून सांगत नाही. वीस वर्षांनी माइकसमोर वेलीला छाटलं आणि तेच शब्द त्याच आवाजात बाहेर आले. तो आवाज माझा नव्हता. तुझा काढलेला होता.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी काय बघत होतो ते तुला माहीत नाही. तू तिला दोन पत्रं लिहिलीस, दोन्ही न फोडता परत आली. तू गाडी पकडून गेलास. ती दारात आली आणि म्हणाली, 'तू बोललास तेवढं पुरे झालं.' आणि आत गेली. तुला वाटलं, महिन्यापूर्वी अण्णांना तिकडे नेण्यावरून तुमचं वाजलं होतं त्याबद्दल बोलतेय. परत आल्यावर तू अण्णांच्या गादीची चादर बदलत होतास आणि मला विचारलंस, 'दादा, मी असं काय बोललो असेन रे?' मी बॅग भरत होतो. म्हणालो, 'सोड ना.'

तू मला ते आणखी दोनदा विचारलंस. एकदा मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा, आणि एकदा अण्णा गेल्यावर. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

मी गेलो, तू राहिलास. चष्म्याच्या दुकानात नोकरी धरलीस, पुढे तेच दुकान घेतलंस. मी वर्षातून दोनदा यायचो, अण्णांसाठी शर्टाचं कापड आणायचो. ज्या माणसाला उठून बसता येत नव्हतं त्याला शर्टाचं कापड. तू दर वेळी 'छान आहे' म्हणून कपाटात ठेवायचास. बेचाळिसाव्या वर्षी तुझं बाईंशी लग्न झालं, तुमचं चांगलं जमलं, आणि मी मनात हिशेब मिटवून टाकला, की झालं ते बऱ्यासाठीच झालं. हे वाक्य पहिल्या सिनेमात माळ्याच्या तोंडी आहे. मी ते पहिल्या झटक्यात ओके केलं होतं.

बाईंना हे वाचायला दे किंवा देऊ नकोस. उरलेल्या दोन दिवसांना यायचं की नाही ते तू ठरव. दिग्दर्शिकेला मी काहीही सांगितलेलं नाही. तू आला नाहीस तर माझी तब्येत हे कारण पुढे करीन, तुझ्यावर येऊ देणार नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ते मला आत्ता नको आहे.

दादा


२४ मार्च

बारक्या,

तुझं पत्र काल दुपारी पोचलं. चार ओळी आहेत. 'उरलेले दोन दिवस मी येईन, कारण दिग्दर्शिकेला शब्द दिला आहे. तू काचेमागे बसू नकोस. मी तिला फोनवर काय बोललो ते शब्दन् शब्द लिहून पाठव. मला माहीत असायला हवं.'

'मी तिला काय बोललो' असं लिहिलं आहेस. सवय एकतीस वर्षांची आहे, ती चार दिवसांत जायची नाही.

मी बसणार नाही. दिग्दर्शिकेला तसं लिहून कळवलं. तिने विचारलं, 'का हो काका, त्यांना दडपण येतं का?' मी मान डोलावली. तुझी उतरण्याची सोय स्टुडिओजवळच्या लॉजवर केली आहे, आमच्याकडे नाही. वहिनी तुला भेटायला तिकडे येईल. तुला चालत असेल तरच.

काल संध्याकाळी मी वहिनीला सांगितलं. सगळं मिळून पाटी तीन वेळा भरली. ती वाचायची, पुसायची आणि परत द्यायची. शेवटची पाटी पुसून माझ्या हातात देत म्हणाली, 'भावजींनी जे मागितलंय ते लिहा आधी.' आणि कपडे घडी करायला गेली. त्यानंतर अजून माझ्याशी बोललेली नाही. घर फार शांत आहे.

लिहायच्या आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. फोन वाजला नव्हता. मी केला होता.

तिचा नंबर तुझ्या वहीच्या मागच्या पानावर होता. तो मी तीन दिवस आधी उतरवून घेतला. अण्णांच्या व्यायामाची वेळ अडीचची असते हे मला माहीत होतं. तुम्ही दोघं रिक्षात बसलात, रिक्षा कोपऱ्यावर वळली, आणि मी दार लावून घेतलं. तू तिच्याशी बोलताना जरा हळू बोलायचास, वाक्याच्या शेवटी थांबायचास. ते मी मोरीत पाण्याचा नळ सोडून दोनदा म्हणून पाहिलं होतं. मग फोन लावला. एवढं सगळं केल्यावर 'फोन वाजला' असं लिहिण्याची मला हिंमत झाली, तेही कबुलीच्याच पत्रात. म्हणून तू यापुढे माझ्या कुठल्याही वाक्यावर शंका घेतलीस तर ते योग्यच आहे. पण खालचं खरं आहे. मी ते विसरू शकलो असतो तर विसरलो असतो.

तिने फोन उचलला. मी म्हणालो, 'मी बोलतोय.'

ती म्हणाली, 'अरे, आज रविवारी? आवाज असा का येतोय?'

'झोपून उठलोय.'

'बोल ना.'

'मी तिकडे येणार नाही.'

'अण्णांमुळे?'

इथे 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मग ती थांबली असती, दोन वर्षं, पाच वर्षं. ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, 'नाही. अण्णांमुळे नाही. मला यायचंच नाहीये.'

'कधीपासून?'

'बरेच दिवस झाले.'

'मग त्या दिवशी का नाही बोललास?'

'तुला वाईट वाटलं असतं.'

तेव्हा ते काहीतरी पडलं. मी विचारलं, 'लागलं का गं?' ती म्हणाली, 'नाही.' ती रडत नव्हती. श्वास ऐकू येत होता.

मग मी म्हणालो, 'पत्र लिहू नकोस. आणि मी लिहिलं तर उघडू नकोस. मी मऊ माणूस आहे, वाईट वाटून काहीतरी लिहून बसेन. आलोच तर दारातून परत पाठव. तेवढं कर माझ्यासाठी.'

ती म्हणाली, 'बरं.'

मी म्हणालो, 'नीट राहा.'

ती म्हणाली, 'ठेवते.'

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. म्हणून तुझी पत्रं न फोडता परत आली, आणि म्हणून तिने तुला दारातून आत घेतलं नाही. ती तुझ्यावर रागावून तशी वागली नाही. तू मागितलंस असं समजून तिने तुझ्यासाठी केलं.

ती आता कुठे असते ते मी शोधलेलं नाही. तिला हे कळवायचं की नाही, हे बाईंशी बोलून तूच ठरव. त्यात मी तोंड घालणार नाही, हे वाक्य लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय. कुठे गरज पडली तर हे पत्र जसंच्या तसं दाखव.

वर लिहिलेलं प्रत्येक वाक्य माझं आहे. तू तिला वावगं काही बोलला नाहीस, त्या दिवशी नाही, आणि आधीही नाही. खाली नुसतं 'दादा' न लिहिता 'थोरला' अशी सही करतो आहे, म्हणजे त्या रविवारी कोण बोललं होतं याबद्दल कुणाच्या मनात शंका राहायला नको.

तुझा थोरला भाऊ